आढ्याचं लाकूड

ते टोक जेमतेम हातभर उरलं होतं. एका अंगानं पार कोळसा झालेला. आटलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडतात तसे त्याचे चौकोन झाले होते. दुसऱ्या अंगाचं लाकूड जसंच्या तसं होतं, मातकट पिवळं, आणि नखानं खरवडलं तर अजून तेलकट वास देणारं. जळालेल्या आणि न जळालेल्या भागाच्या मध्ये पट्टीनं आखावी तशी सरळ सीमा होती. सीमेच्या अलीकडचा भाग भिंतीत होता, म्हणून वाचला होता. जाड सागाचं लाकूड वरून जळतं, आणि वरचा कोळसाच आतल्याला काही वेळ सांभाळतो, हे मी वर्गात शिकवत असे. पण मी बघत होते ते दुसरंच. लाकडाच्या छेदावर, जिथं भिंतीतली माती अजून चिकटून होती तिथं, छिन्नीनं कोरलेली एक चंद्रकोर होती. तिच्या खाली एक आडवी रेघ.

चंद्रकोर ही आमच्या घराची खूण होती.

"काय बघतीस एवढं वाकून? कोळसा न्हाई बघितला का कधी?"

विठोबा चाळके, म्हणजे आमचे तात्या, काठी टेकत राखेतून येत होते. माझ्या वडिलांचे, आबांचे, ते लहानपणापासूनचे मित्र.

"तात्या, हे समाजमंदिराचं आढं ना?"

"असंल."

"ह्याच्यावर आमच्या घराची खूण आहे."

तात्यांनी लाकडाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "आगीत काय काय खुणा दिसत्यात. ऊठ, ऊन चढलंय."

"ही आगीची खूण नाही. छिन्नीची आहे."

"कॉलेजात पोरांना शिकवतीस ते ठीक. मला नको शिकवू." त्यांनी चपलेच्या टोकानं थोडी राख पुढं लोटली. चंद्रकोर अर्धी झाकली गेली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिंधू, एक ऐक. हे तुझ्या बापाला दावू नगंस."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. आबा नाहीत, तात्याही नाहीत. त्या वेळी मी जिल्ह्याच्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आग लागल्याचा निरोप आला तेव्हा परीक्षा चालू होत्या. त्या संपल्यावर एस.टी.नं गावी आले ती बॅग एका पोराच्या हाती घरी पाठवून थेट जळक्या जागेवरच गेले.

आमचं मूळ गाव उंबरढेण. सह्याद्रीच्या एका खोऱ्यात होतं, आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जायला लागले होते. सरकारनं आम्हाला इथं, ह्या काळ्या मातीच्या सपाट मुलखात आणून टाकलं. डोंगर नाही, ओढा नाही, झाड म्हणाल तर बाभळ. शेजारच्या गावांनी आमच्या वस्तीला धरणवाडी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. येताना माणसांनी घरं मोडून लाकूड बरोबर आणलं. गणू सुतारानं एकेका घराच्या लाकडावर त्या त्या घराची खूण कोरली, म्हणजे ट्रकमध्ये मिसळलं तरी वेगळं काढता यावं. चाळक्यांची फुली, उत्तेकरांचा त्रिशूळ, आमची चंद्रकोर. खुणेखाली रेघा असत. खांबाला तीन, तुळईला दोन, छपराच्या माथ्यावर आडव्या जाणाऱ्या आढ्याला एक.

इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी गावानं ठरवलं की सगळ्यांना बसायला एक छप्पर हवं. घरटी एक लाकूड द्यायचं. कुणी खांब दिला, कुणी तुळई, कुणी दोनचार वासे. त्यातून समाजमंदिर उभं राहिलं. लग्नं तिथं लागली, भजनं तिथं झाली, भांडणं तिथं मिटली आणि काही तिथंच सुरू झाली. फक्त एका घरानं लाकूड दिलं नाही. आमच्या. आबा गावासमोर म्हणाले होते, "माझं घर मी मोडलंय ते परत उभं करायला. त्यातली रीपसुद्धा मिळायची न्हाई."

ते लाकूड आमच्या दोन खोल्यांमागच्या छपरात रचून ठेवलेलं होतं. घर मात्र कधी उभं राहिलं नाही. सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत मी वाढले, माझा भाऊ वाढला, आणि आठ उन्हाळ्यांपूर्वी त्याच पत्र्याखाली आई गेली.

अशा घराच्या आढ्याचं टोक समाजमंदिराच्या भिंतीतून निघालं होतं.

घरी आले तेव्हा मंदावहिनी अंगणात वाळवण राखत बसली होती. भाऊ एस.टी.त ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस मुक्कामाला बाहेर.

"आलात? बॅग दिसली, माणूस दिसंना. म्हटलं नणंदबाई राख सावडायला गेल्या वाटतं."

"आबा कुठं आहेत?"

"कुठं असणार? मागं. सासूबाईंच्या सवतीपाशी." लाकडाच्या त्या थप्पीला ती सवतच म्हणायची. "आग लागली त्या दिवशी म्हातारा घागर घेऊन पळाला बघा. पडला, ढोपर फोडून घेतलं, तरी परत पळाला. कडब्याची गंज पेटली, तिथनं ठिणगी कौलाखाली गेली, तोवर कुणाच्या हातात काय राहिलं होतं? पण त्या दिवसापासनं तिकडं पाऊल न्हाई. रोज दिवस कलला की जाऊन बसणारा माणूस! आता उंबऱ्यावर बसत्यात, तोंड भिंतीकडं करून."

आबांची समाजमंदिरातली जागा ठरलेली होती. बरोबर मधोमध. बाकीची म्हातारी खांबांना पाठ टेकून बसत, आबा कधीच टेकत नसत. ह्याचं एक कारण होतं. आबांना नाना म्हणणाऱ्या तरण्या पोरांनी एकदा चेष्टा केली होती, "नाना, ज्याचं लाकूड न्हाई त्यानं खांबाला टेकायचं न्हाई बरं का." सगळे हसले होते, आबाही हसले होते. "माझी पाठ सरळ हाय रं," म्हणाले होते. ती चेष्टा मग गावात रुळली. एका पिढीच्या पोरांनी ती पुढच्या पिढीला दिली. आबा तसेच पाठ ताठ ठेवून मधोमध बसत राहिले. अधूनमधून वर बघत.

ते थप्पीपाशी करंजाच्या तेलाचा डबा घेऊन बसले होते. वाळवी लागू नये म्हणून दर वर्षी सगळं लाकूड खाली काढून, पुसून, तेल लावून परत रचायचं हा त्यांचा नेम. त्या कामाला ते कुणाला हात लावू देत नसत.

"कधी आलीस?"

"झाला थोडा वेळ. तिकडं जाऊन आले."

चिंधी डब्यात बुडवता बुडवता त्यांचा हात थांबला. "काय उरलंय?"

"भिंती आहेत तीन बाजूंच्या. दोन खांब उभे आहेत, पण कामाचे नाहीत."

"आढं?"

"पडलं. टोक उरलंय एक."

"कुठल्या अंगाचं?"

"उगवतीकडचं."

त्यांनी मान हलवली. चिंधी पिळली आणि एका वाशावरून सावकाश फिरवायला लागले. आढ्याचंच का विचारलं, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं.

"आबा, गाव परत बांधायचं म्हणतंय. उद्या सकाळी बसणार आहेत. जुनं लाकूड आता कुणाकडंच नाही."

"लोखंड घालत्यात आता. अँगल."

"तुमच्याकडं आहे ना लाकूड."

"त्याचं घर बांधायचंय."

"कधी?"

"बांधू."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. आधी जमीन मिळाली की बांधू. मग जमीन मिळाली, तर विहीर झाली की बांधू. मग विहिरीलाही पाणी लागलं.

"आई पत्र्याखाली गेली, आबा," मी म्हटलं. "उन्हाळ्यात भिंतीला ओली पोती लावून बसायची. आणि तिच्यापासून दहा पावलांवर एवढं सागवान नुसतं तेल पीत पडलं होतं."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, चिंधी झाकणावर घडी करून ठेवली, आणि ते म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

दुपारी ते आडवे झाले तेव्हा मी मागच्या छपरात गेले. मला खात्री करून घ्यायची होती. चंद्रकोर आमची होती, तर आमच्या थप्पीत आढं नसायला हवं. पण थप्पीत आढं होतं. लहानपणापासून मी ते पाहत आले होते. सगळ्यात तळाला, भिंतीच्या कडेला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचं उंबरढेणचं घर पाच खणांचं, त्यामुळे त्याचं आढं गावात सगळ्यात लांब होतं असं आई सांगायची.

वरचे वासे थोडे बाजूला करून मी आत हात घातला. लाकूड गुळगुळीत होतं, तेलानं काळं झालेलं. मध्यावर ते पोत्याच्या पट्टीनं गुंडाळलेलं होतं. ठेच लागू नये म्हणून असेल, असं मला नेहमी वाटायचं. मी सुतळीची गाठ सोडली. पट्टीखाली फट होती. ते एक लाकूड नव्हतंच. दोन लाकडं टोकाला टोक लावून ठेवली होती.

पिशवीतून मी माझं भिंग काढलं. चाकूनं टोकाचा पातळ काप काढून छेद उजेडाकडे धरला. सागात मोठी छिद्रं वाढीच्या वर्तुळावर ओळीनं बसलेली असतात, माळेतल्या मण्यांसारखी. इथं ती विखुरलेली होती आणि प्रत्येकाभोवती फिकट कडा होती. ही बाभळ होती. ह्याच मुलखातली, शेताच्या बांधावरची.

मग मी हातातल्या पोत्याच्या पट्टीकडे पाहिलं. ती तागाची नव्हती. नव्या खताच्या पोत्याची होती, प्लॅस्टिकच्या धाग्याची. तसली पोती गावात येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, त्याच्या आधी, आई होती तेव्हा, नव्हती. त्यावरची हिरवी अक्षरं अजून पुसली नव्हती.

"काय सापडलं का?" मंदावहिनी मागं उभी होती. "मला तर त्या लाकडाला शिवायची चोरी हाय. एकदा झाडायला गेले, तर म्हणाले, मंदा, तू बाकीचं घर झाड."

"ह्या पट्ट्या कोण बांधतं, वहिनी?"

"दुसरं कोण? तेच की. पोतं फाटलं की नवं लावत्यात. एवढं तर मला बी कधी नवं लुगडं न्हाई मिळालं."

मी पट्टी होती तशी गुंडाळली आणि गाठ मारली. वासे जागेवर ठेवले. हाताचा तेलाचा वास दोनदा धुऊनही गेला नाही.

ऊन उतरल्यावर तात्यांकडे गेले. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"आमच्या थप्पीत आढं नाही, तात्या. बाभळीचे दोन ओंडके आहेत."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही, परत डबीत भरली. "आत ये. बस."

मग त्यांनी सांगितलं.

"लाकूड सगळ्यांनी दिलं, पर आढं जमंना. घरं सगळ्यांची दोन खणाची, तीन खणाची. जोड देऊन आढं घालायचं म्हटलं तर गणू सुतार ऐकंना. तो म्हणायचा, एवढ्या रुंद छपराला जोडाचं आढं घालाल तर कौलं तुमच्या टाळक्यात येतील. इकडं लांब लाकूड मिळंना, मिळालं तर परवडंना. भिंती उभ्या, खांब उभे, आणि वर आभाळ. इथली माणसं येता-जाता इचारायची, काय धरणवाले, मंदिराला छप्पर तुमच्या धरणातनं येणार हाय का? तुझा बाप, धोंडू, तवा जमिनीच्या दाव्यासाठी साताऱ्याला गेला होता. बरेच दिस. एक दिवस भागाबाई आली, ह्याच ओट्याच्या खाली उभी राहिली. पदर असा तोंडावर. म्हणाली, आमचं आढं घेऊन जावा."

"आईनं?"

"भागाबाईनं. आम्हाला खरं वाटंना. मी म्हटलं, वहिनी, धोंडू जीव घेईल माझा. तर म्हणाली, त्यांचं मन अजून तिकडं पाण्यात हाय. ते परत जायची वाट बघत्यात. एकदा आढं हितं चढलं म्हणजे मन बी हितं बसंल. आणि म्हणाली, पोरीबाळींची लगनं उघड्यावर लावायची का? छप्पर चढलं की गाव व्हईल." तात्यांनी उजव्या खांद्यावरून हात फिरवला. "आठ जणांनी वाहिलं ते. म्या पुढच्या टोकाला होतो. आता त्यातला मी एकटाच हाय."

"आणि आबांना?"

"तिनं आमच्याकडनं वचन घेतलं. तुम्ही कुणी सांगायचं न्हाई, मी सांगीन. दोन बाभळी आम्हीच तोडून दिल्या, थप्पी मोकळी दिसाय नको म्हणून. चार दिवसांचा सवाल, म्हणाली, ते आले की मी सांगते. धोंडू आला तो दावा हरून आला. जेवंना, बोलंना. तवा कसं सांगणार? मग म्हणाली, जमीन मिळू द्या, मग सांगते." त्यांनी डबी खिशात ठेवली. "तेवढं सांगायचं राहिलं बघ तिचं."

मी विचारलं, "आईनं घर बांधा म्हणून आबांच्या मागं कधी लकडा लावला नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"कशी लावंल? बांधायला काढलं की आढं काढावं लागलं असतं. बाकीच्या बाया नवऱ्याचं डोकं खायच्या, मला पत्र्यात ठेवलंय म्हणून. ती कधी चकार शब्द बोलली न्हाई. लोकं म्हणायची काय सोशिक बाई हाय." तात्यांनी डोळे पुसले, धूर गेल्यासारखे. चूल पेटलेली नव्हती. "धोंडूला कळलं असतं तर मोडला असता गं. म्हणून म्हटलं, दावू नगंस. आता मेल्या माणसावर राग कशाला?"

मला खताच्या पोत्याबद्दल बोलता आलं असतं. मी उठले आणि चपला घातल्या.

त्या रात्री जेवताना आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तेल पुरलं का बघितलंस?"

"कसलं तेल?"

"दुपारी थप्पीपाशी गेली होतीस. तळाच्या लाकडाला."

"पुरलंय," मी म्हटलं.

"बरं."

मंदावहिनीनं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताटात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जळक्या जागेवर जमलं. सतरंज्या जळाल्या होत्या, म्हणून माणसं विटांवर आणि दगडांवर बसली. तात्यांचा पुतण्या भरत सरपंच होता. तो लोखंडी अँगलचं बोलत होता, गोडाउनला असतात तसे. वर पत्रा. लवकर होईल, टिकेल, परत आगीची भीती नको.

"पत्र्याखाली भजन म्हणायचं?" एक म्हातारी म्हणाली. "उंबरढेणचं काय राहिलं मग ह्यात?"

"काकू, उंबरढेणचं लाकूड जळालं. आता आणू कुठनं? धरणात बुडी मारू?"

कुणीतरी हसलं. मागून एक पोरगा म्हणाला, "एका घरात हाय की. पाच खणाचं." दुसरा लगेच म्हणाला, "नाना देतोय! त्यानं तवा दिलं न्हाई, आता देईल?"

तात्या काठीनं जमिनीवर रेघा ओढत होते. "त्याच्याकडं कुणी मागायचं न्हाई," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून. अँगलच घाला."

तेव्हा माणसांनी माना वळवल्या. आबा येत होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, फुटलेल्या ढोपरामुळे जरा लंगडत. आगीनंतर ते पहिल्यांदाच त्या जागेवर पाऊल ठेवत होते. जोत्यापाशी त्यांनी चपला काढल्या. दार उरलेलं नव्हतं, पण ते दाराच्या जागेतूनच आत आले.

मधोमध आले आणि उभे राहिले. वर पाहिलं. वर आभाळ होतं.

मग उगवतीच्या भिंतीकडे गेले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी राख बाजूला केली. त्यांना शोधावं लागलं नाही. लाकडाचं टोक त्यांनी आपल्याकडे फिरवलं आणि चंद्रकोरीतली माती अंगठ्यानं पुसली.

तात्या उठून त्यांच्याजवळ गेले. "धोंडू, चल. घरी जाऊ. हे नको बघू."

"का रं?"

"चल म्हणतो ना."

"वाहिलास तवा खांदा सोलून निघाला होता तुझा," आबा म्हणाले. "हितल्या पहिल्या लगनात जेवायला बसलास तर डाव्या हातानं पाणी पीत होतास. म्या म्हटलं, इठू, काय झालं? तर म्हणालास, बैलानं ढकललं."

तात्यांच्या हातातली काठी पडली. ती कुणी उचलली नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"साताऱ्याहून आलो त्याच दिवशी मागं गेलो. इठू, माझ्या आज्यानं लावलेला साग तो. बाभळीला त्याचा वास येतो व्हय?"

"मग बोलला का न्हाईस? एवढी वर्षं?"

आबा कोळशाचे चौकोन बोटानं एकेक करून उपसत होते. मी त्यांच्या मागं उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पटक्याखालची मान दिसत होती.

"ती सांगंल म्हणून थांबलो," ते म्हणाले. "पहिल्यांदा राग होता. म्हटलं, हिनंच सांगू दे. मग राग गेला. रोज येऊन हितं खाली बसायचो, आणि बसल्या बसल्या वाटायचं, बरं दिसतंय. आपल्या घरात बसल्यागत वाटायचं. पर ती सांगंना. मी भाकरीला बसलो की ती माझ्या तोंडाकडं बघायची. आता सांगंल, मग सांगंल. मी इचारलं असतं तर तिला वाटलं असतं, चोरी पकडली. म्हणून न्हाई इचारलं."

"आणि घर?" मी म्हटलं.

"बांधायला काढलं असतं, तर आढं कुठाय म्हणून चार माणसांत झालं असतं. मग नकोच काढायला." त्यांनी बोटांवरचा कोळसा झटकला. "तिला तिथं उकडायचं. दिसत होतं मला. सगळं दिसत होतं."

मघाशी बोललेला पोरगा मान खाली घालून विटेचा कोपरा खरवडत होता. कुठंतरी एक बाई पदर तोंडाशी घेऊन रडायला लागली. माझ्या आईच्या बरोबरीची, तिच्याबरोबर त्याच ट्रकमधून आलेली.

मी आबांच्या शेजारी बसले. कालच्या माझ्या बोलण्याबद्दल मला काही म्हणायचं होतं. पण त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. काळा, करंजाच्या तेलाचा वास येणारा. तेवढ्यावरून मी ओळखलं की त्यांना कालचं काही आठवत नव्हतं. त्यांना आठवत होती ती आई, भाकरीच्या वेळी त्यांच्याकडे बघणारी.

"भरत," आबा म्हणाले.

"जी, नाना."

"गाड्या जुंपून आण. खांब हायेत, तुळया हायेत, वासे सगळे हायेत. एकालाबी कीड न्हाई. दाराची चौकट पण घे, हितं नीट बसंल ती."

"नाना, पण..."

"आढं तेवढं विकत आणा. आमचं देऊन झालंय."

तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आढं वाहताना दुखावलेला खांदा तोच असावा, कारण हात वर करताना त्यांनी दात आवळले.

"धोंडू, घाई करू नको. तुझ्या घराचं लाकूड हाय ते. परत एकदा इचार कर. घराचं काय?"

आबांनी ते हातभर टोक मांडीवर घेतलं. चंद्रकोर वरच्या बाजूला आली. ते तात्यांशी बोलत नव्हते, गावाशी नाही, माझ्याशीही नाही. आयुष्यात कधी चारचौघांत आईचं नाव न घेतलेला माणूस त्या लाकडाकडे बघून, ती समोर बसली असावी अशा साध्या आवाजात म्हणाला, "भागे, घर न्हाई बांधायचं."